आधी सहावा, मग पहिला

सुरुवातीलाच माफी मागून घेतो. माझं शुद्धलेखन काही खरं नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि नववीनंतर शाळेनं मला सोडलं, मी शाळेला. शब्दही साधेच आहेत, वांगी विकणाऱ्या माणसाकडे असतात तेवढे. पण जे करून बसलो ते एवढं मोठं आहे की ते सांगायला भारी शब्दांची गरज नाही. प्रश्न एवढाच आहे की कुठून सुरू करू? आणि गंमत बघा, "कुठून सुरू करायचं" याच प्रश्नानं माझी वाट लावली होती. म्हणून जरा भीतभीतच सुरू करतो.

मी गोपाल. अनसिंगच्या शिवारात आमचं भाजीपाल्याचं वावर आहे. वांगी, भेंडी, मेथी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. सकाळी माल घेऊन वाशीमचा बाजार, नंतर वावर. मोटर सुरू करायची, पाणी वाफ्यात सोडायचं आणि धुऱ्यावर, म्हणजे तुमच्या बांधावर, बसून मोबाईलवर पिक्चर पाहायचा, हेच माझं पुढचं शिक्षण. त्यातही मला एकटा पिक्चर आवडत नाही. ज्याचे भाग निघत जातात तो पिक्चर आवडतो. गावातले पोट्टे पानटपरीवर मलाच विचारायचे, "गोपालभाऊ, ह्याचा कोनता भाग आधी पाहू?"

मला माणसांशी बोलायची लाज वाटते. समोरचा काय विचारेल या भीतीनं जीभ आत जाते. पण हा एक प्रश्न कोणी विचारला की ती बाहेर यायची आणि मग आत जायचं नावच घेत नसे.

हे माझ्या मामाला माहीत होतं. तिथंच घोटाळा झाला.

मामानं माझ्यासाठी धनजची मुलगी पाहिली. त्याआधी दोन ठिकाणांहून "कळवतो" आलं होतं, आणि आमच्याकडे "कळवतो" म्हणजे काय, हे पाळण्यातल्या लेकरालाही समजतं. मुलीचं नाव पूनम. बारावी शिकलेली, कारंज्याला शिवणक्लासला जाणारी. तिचे वडील गजाननराव आणि लहान काका शेषराव, दोघांचं घर एकत्र, शेती एकत्र. गजाननरावांना नोकरीवाला जावई पाहिजे होता. मामाच्या ओळखीतून माझं नाव त्या घरात नेलं ते शेषरावांनी. पोरगा शांत आहे, कष्टाचा आहे, आपला माल आपण विकतो, आणखी काय पाहिजे, असं ते भावाला सांगत होते. एवढ्या मोठ्या जगात माझी बाजू घेणारा तो एकच परका माणूस. हे ध्यानात ठेवा.

आम्ही पाहायला गेलो तेव्हा गजाननराव ओसरीत बाजेवर पडलेले होते. गोठ्यात पाय घसरून नडगी मोडली होती, मांडीपर्यंत प्लास्टर. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीला प्रश्न विचारतात असं मी ऐकलं होतं. इथं माझीच तोंडी परीक्षा सुरू झाली.

"शिक्षन?" गजाननरावांनी विचारलं.

मी पोह्यांच्या प्लेटीकडे पाहिलं. माझ्या बाबांनी छताकडे पाहिलं. मामा खोकला आणि म्हणाला, "शिक्षनाचं काय घेऊन बसले भाऊ? पोट्ट्याचं ग्यान पाहा. पिक्चरचं इचारा त्याले. कोनता भाग आधी, कोनता मांगून, सारं तोंडपाठ."

आता यात मामाचा तरी काय दोष? मध्यस्थानं मुलाजवळ जे असेल ते पुढे करायचं असतं. डिग्री नव्हती, नोकरी नव्हती, म्हणून त्यानं पिक्चर पुढे केला. मला वाटलं उठावं आणि सरळ रस्त्याला लागावं. पण गजाननराव कोपरावर उठून बसले. दिवसभर पडून पडून जीव विटलेला माणूस तो. घरात टीव्ही आहे, पूनमच्या मोबाईलवरून त्यावर पाहिजे तो पिक्चर लावता येतो, पण कुठून सुरू करावं तेच समजत नाही, असं ते म्हणाले. आणि त्यांनी एका पिक्चरचं नाव घेतलं.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. आमच्या घरात ते घेतलं की अजूनही कोणीतरी भाकर तोंडात असताना हसतं. साऊथचा, हिंदीत केलेला, सात भागांचा, एवढं पुरे.

गोष्ट मात्र सांगावी लागेल. एक हिरो आहे. त्याच्या बापाला कोणीतरी मारलेलं आहे आणि त्याला काकानं वाढवलं आहे. दर भागात हिरो मारामारीला निघाला की काकाच्या पाया पडतो आणि काका आपल्या हातानं त्याला दुधाचा गिलास देतो. पाच भाग हेच. लोक त्या काकासाठी रडतात. मग सहावा भाग निघाला. त्यात हिरोच्या जन्माआधीची गोष्ट आहे, आणि शेवटी दिसतं की हिरोचा बाप जमिनीवर पडला आहे आणि काका रक्तानं भरलेला विळा हातात घेऊन उभा आहे.

आता तुम्हीच सांगा, हा सहावा भाग कधी पाहायचा? सहावा. बरोबर. कोणताही शहाणा माणूस हेच सांगेल.

"आधी सहावा पाहाचा," मी म्हणालो.

"सहावा? काहून?"

"थो बापाचा हाय. आधी बाप, मंग पोरगा. वांग्याचं आधी रोप लागते, मंग फूल येते, मंग वांगं येते. वांगं आधी अन रोप मांगून, असं कुठं असते?"

ओसरीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. शेतकरी माणसाला हे लगेच पटतं. शेषराव तर भावाकडे असे पाहत होते की, पाहा, म्हटलं नव्हतं मी? आणि दारात पूनम चहाचा ट्रे घेऊन उभी होती. चहा थंड होत होता, पण ती माझं बोलणं संपायची वाट पाहत होती. माझं बोलणं! जन्मात पहिल्यांदा असं झालं होतं.

इथं मी थांबायला पाहिजे होतं की नाही?

"अन सातवा?" गजाननरावांनी विचारलं.

"सातवा नाई पाह्यला तरी चालते. त्याच्यात दम नाई. उगाच ओढला हाय."

खरी गोष्ट अशी की सातवा मी पाहिलाच नव्हता. टपरीवर कोणीतरी म्हटलं होतं की दम नाही, तेच मी इथं आणून ओतलं. "मी पाहिला नाही" एवढंच बोलायचं होतं. पण पूनम ऐकत होती ना.

गजाननराव खूश झाले. निघताना पूनमचा नंबर मला मिळाला, तोही सगळ्यांसमोर, भागांबद्दल काही अडलं तर विचारायला म्हणून. घरी येताना मामा गाडीत म्हणाला, "पाह्यलं? ग्यान कामी आलं." मी खिडकीतून बाहेर पाहून एकटाच हसत होतो. आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

सहावा भाग त्यांना फार आवडला. पूनमनं तसं फोनवर सांगितलं आणि मी म्हणालो, "बरं." पुढच्या फोनवरही मी "बरं" म्हणालो. पण त्या फोनवरचं ऐकून मला थोडं कसंतरी झालं होतं.

"बाबा टीव्हीसंग भांडून राह्यले," ती म्हणाली.

झालं असं की गजाननरावांना पहिल्या भागापासूनच माहीत होतं की काकानं बापाला मारलं. हिरोला माहीत नव्हतं. हिरो बिचारा पाया पडायचा आणि गजाननराव बाजेवरून ओरडायचे, अरे उठ, त्याचे पाय कायले धरतं, त्यानंच तुह्या बापाले मारलं! काका दुधाचा गिलास पुढे करायचा आणि हे ओरडायचे, पिऊ नको! शेजारचे लोक पिक्चर सोडून यांनाच पाहायला यायला लागले. लोकांनी पाच भाग काकावर माया केली, यांनी पाच भाग एका गोडबोल्या, हसऱ्या, घरासाठी राबणाऱ्या खुनी माणसाला पाहिलं.

आणि घरात दुसरं कोण होतं? गोड बोलणारे, हसरे, मोठ्या भावाचा पाय मोडल्यापासून सगळी शेती एकट्यानं ओढणारे शेषराव काका.

तुमच्या लक्षात आलं. माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला.

हाड लवकर जुळावं म्हणून शेषराव रोज संध्याकाळी भावासाठी हळदीचं दूध घेऊन यायचे. आपल्या हातानं, गिलासात. तिसरा भाग पाहून झाल्यावर गजाननरावांनी त्या गिलासाकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं आणि म्हणाले, ठेव तिथं. शेषराव गेल्यावर त्यांनी थोडं दूध बशीत ओतून मांजराला दिलं आणि मांजराकडे पाहत बसले. मांजर मिशा चाटून झोपी गेलं. तरी त्यांनी दूध घेतलं नाही, कारण पिक्चरमधला काका फार सावकाशीनं काम करणारा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हाड एका माणसाचं मोडलं होतं आणि अंग धरत होतं मांजर.

चौथ्या भागानंतर त्यांनी हट्ट धरला की मला बाजेसकट ट्रॉलीत घाला आणि वावरात न्या. कशाला? तर धुरा पाहायचा आहे, सरकला तर नाही ना. धुऱ्याच्या पलीकडेही त्यांचंच वावर. पण नेलं म्हणे. सगळ्या धनजनं पाहिलं, ट्रॅक्टर पुढे, मागे ट्रॉलीत बाज, बाजेवर गजाननराव, एक पाय आभाळाकडे. आणि ट्रॅक्टर कोण चालवत होतं? शेषराव. त्या माणसाला काही माहीतच नव्हतं. भावाला मोकळी हवा पाहिजे असेल, असं त्यांना वाटलं.

पाचवा भाग संपला आणि गजाननरावांच्या डोक्यात शेवटचा उजेड पडला. हा पोरगा, म्हणजे मी, या घरात कोणी आणला? शेषरावनं. नववी नापास, वांगी विकणारा पोरगा आपल्या बारावी शिकलेल्या पोरीसाठी त्याला एवढा पसंत का? यातही त्याचा काही डाव असणार.

संध्याकाळी मामाचा फोन आला. मामा इतका हळू कधी बोलत नाही. "गोपाल," तो म्हणाला, "थे लोक म्हनतात, कळवतो."

आईनं विचारलं, मी म्हणालो, मोटर बंद करून येतो. मोटर बंदच होती.

दुसऱ्या दिवशी बाजारातून परत येत होतो तेव्हा पूनमचा फोन आला. तिनं बाकी काही विचारलं नाही.

"तुमी सातवा पाह्यला काय?"

मी रिकामी पाटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मी तुमाले इचारून राह्यली."

"नाई," मी म्हणालो.

"मले वाटलंच," ती म्हणाली, आणि मग तिनं सगळं सांगितलं. दूध, मांजर, धुरा, तोपर्यंत मला काहीच माहीत नव्हतं. गजाननरावांनी सकाळी रागात सगळं बोलून टाकलं होतं, पिक्चरपासून जावयापर्यंत. शेषरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन काकूंना म्हणाले, आपण वेगळं निघू. एवढ्या वर्षांत त्या घरात दुसरी चूल पेटली नव्हती, आणि आज काकू भांडी वेगळी काढत बसल्या होत्या.

"सातव्या भागात सारं उलटं हाय," पूनम म्हणाली. "मी एकटीनं पाह्यला. काकानं मारलंच नसते. मारनारा दुसराच असते. काका भावाच्या पोटातून विळा काढून राह्यला असते."

"मंग बाबाले दाखवा न तुमी."

"पाहूनच नाई राह्यले. म्हनतात, जानकार मानसानं सांगतलं दम नाई, तं कायले पाहाचा?"

म्हणजे जावई म्हणून मी पसंत नव्हतो, पण जाणकार म्हणून माझा शब्द त्या घरात अजून पक्का होता. अशी इज्जत कोणाच्या वाट्याला येऊ नये.

मी रिकामी पाटी ओळखीच्या दुकानात ठेवली आणि बाजारच्या कपड्यांत, शर्टाला मेथीची माती लागलेली, तसाच कारंज्याच्या एसटीत बसलो. तिथून काळीपिवळीनं धनज. वाटेत मी बोलायचं सगळं पाठ केलं. एक अडचण मात्र सुटत नव्हती. गजाननरावांना हाक काय मारायची? आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, पण ते तर अजून ठरलं नव्हतं, उलट मोडलं होतं. पहिल्या दिवसापासून मी त्यांना काहीच म्हणत नव्हतो.

ओसरीत गजाननराव बाजेवर होते, तोंड भिंतीकडे. शेषराव अंगणात दोरी वळत होते, तोंड गोठ्याकडे. पूनम दारात होती. आज ट्रे नव्हता. मी मध्ये उभा राहिलो आणि पाठ केलेलं सगळं विसरलो.

"मामाजी," मी म्हणालो, "मी सातवा पाह्यलाच नाई."

शब्द निघून गेला होता. आता परत कसा घ्यायचा? गजाननराव हळूहळू या कुशीवर वळले.

"काय म्हनलं?"

"सातवा भाग. पाह्यला नाई मी."

"मंग दम नाई म्हनून कोनाच्या जिवावर सांगतलं?"

खोटं सुचेना आणि खरं एकच होतं. "पूनम दारात उभी होती," मी म्हणालो.

शेषरावांच्या हातातली दोरी थांबली. पूनम आत पळाली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकूंचा हसण्याचा. मी माझ्या चपलांकडे पाहत होतो. वाटत होतं की ही ओसरी फाटावी आणि मी चपलांसकट आत जावं.

गजाननराव कोपरावर उठून बसले. मग म्हणाले, "लाव थो सातवा. बस इथं. आता संगंच पाहू."

असा मी माझ्या मोडलेल्या सोयरिकीच्या घरी बसून भर दुपारी तीन तास पिक्चर पाहिला. समोर पोहे होते, ते तसेच गार झाले. शेषराव आत आले नाहीत, पण दोरी वळत वळत दाराशी येऊन टेकले. शेवटी तो प्रसंग आला. बाप पडलेला, काका धावत येतो, भावाच्या पोटातला विळा दोन्ही हातांनी ओढून काढतो, आणि तेवढ्यात लोक येतात. सहाव्या भागात फक्त त्याच्यापुढचं दाखवलं होतं. काका पुढे जन्मभर कोणाला काही सांगत नाही, कारण मारणारा घरातलाच असतो.

सातव्यात दम होता हो. एवढा होता की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पिक्चरमुळे आलं की लाजेमुळे, ते मला आजही सांगता येणार नाही.

टीव्ही बंद झाला. मग गजाननराव प्लास्टरकडे पाहत म्हणाले, "शेषराव, दूध आन."

"आता? दुपारचं?"

"आन म्हनलं न."

शेषरावांनी गिलास आणला. मांजर सवयीनं उठलं आणि बाजेपाशी येऊन बशीची वाट पाहत बसलं. गजाननरावांनी चांगल्या पायानं त्याला बाजूला सारलं, गिलास तोंडाला लावला आणि श्वास न घेता संपवला. मांजर त्यांच्याकडे पाहत राहिलं. शेषरावांनी रिकामा गिलास घेतला, तोंड फिरवलं आणि आत ओरडून सांगितलं की भांडी जागेवर ठेवा.

मी हळूच उठलो. पाया पडावं की नाही समजेना, कारण पिक्चरमध्ये पाया पडण्याचं जे झालं ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं. शेवटी पडलो. गजाननराव म्हणाले, "मामाजी म्हनलं तुवा मले. मी इसरलो नाई. प्लास्टर निंगू दे, मंग साक्षगंधाचं पाहू. पन सांगून ठेवतो. जे सोता पाह्यलं नाई, थे माह्या पोरीले सांगत नोको बसू."

"नाई सांगत," मी म्हणालो. साक्षगंध, म्हणजे तुमचा साखरपुडा, एवढा एकच शब्द कानात घेऊन मी निघालो.

फाटकापर्यंत पूनम आली. "घरी जाऊन आता पह्यल्यापासून पाहा," ती म्हणाली. "निंगाले तसे. अन मधात कोनाले काही सांगू नका."

मी घरी पोचायच्या आधी शेषरावांचा मामाला फोन गेला होता. आणि मामाला एकदा समजलं की ते मामाजवळ राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा पाटी घेऊन वाशीमच्या बाजारात बसलो. शेजारचा भेंडीवाला म्हणाला, "गोपालभाऊ, आज आधी मेथी इकतं का आधी सांबार?" पलीकडची टमाट्यावाली म्हणाली, "त्याले नोको इचारू, थो आधी गल्ला मोजते अन मंग दुकान लावते." मी मान खाली घालून वांग्यांवर पाणी शिंपडत राहिलो.

तेवढ्यात एक मावशी आल्या. बाजारात नवीन असाव्यात, त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी एक वांगं उचललं, दाबून पाहिलं आणि मनापासून विचारलं, "काहो भाऊ, चवीले कसे हायेत?"

वांगी माझी. रोप मी लावलं, पाणी मी दिलं, सकाळी अंधारात तोडली मी. सगळा बाजार माझ्याकडे पाहत होता. मी तोंड उघडलं आणि मला बाजेवरचे गजाननराव दिसले.

"मावशी," मी म्हणालो, "खरं सांगू काय, आमच्या घरी काल भेंडी होती. ह्या तोड्यातलं वांगं मी अजून खाऊन पाह्यलं नाई."

मावशींनी वांगं हळूच परत ठेवलं आणि शेजारच्या पाटीवर गेल्या.